दगडांच्या दिवशी हंसुली

हंसुली उजव्या हाताने वाटण वाटत नाही. तिच्या ढाब्यावर भांगेच्या बियांची चटणी खाऊन बोटं चाटणाऱ्या दिल्लीवाल्यांना ते कळत नाही. पाट्यावर डावा हात चालतो, उजवा नुसता टेकलेला असतो. ते मनगट तिच्या नवऱ्याने, उमेदने, वरवंट्याने मोडलं. माघाची थंडी होती, चटणीत मीठ जास्त झालं होतं, आणि उमेद प्यायलेला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक लगेच दारूवर ढकलतात. मनगटाच्या आधी कान झाला होता, कानाच्या आधी दात.

मी शेजारीच राहतो. आयुष्यभर सडकेच्या कडेच्या भिंती रचल्या, आता बारीक बांबूच्या ढाली विणतो. ओरडा ऐकून गेलो तेव्हा तिने मनगट ओढणीत आवळलं होतं आणि दुसऱ्या हाताने कढई ढवळत होती.

‘कका, गिऱ्हाईक बसलंय,’ एवढंच म्हणाली.

काळ्या भट्टाची, म्हणजे डोंगरातल्या काळ्या सोयाबीनची, आमटी लोखंडी कढईत दंड भरून येईपर्यंत ढवळावी लागते, नाहीतर तळाला धरते. त्या दिवशीही धरली नाही.

आमच्या देवलीखाल गावात श्रावणी पौर्णिमेला देवीच्या मैदानात वरचा गट आणि खालचा गट एकमेकांना दगड मारतात. तेव्हा तर फक्त दगडच असायचे, फळं फेकायचं खूळ नंतरचं. एका माणसाच्या अंगात असतं तेवढं रक्त सांडलं असं पुजाऱ्याला वाटलं की तो थांबायचा शंख फुंकतो. मग ज्याचा दगड लागला त्याने, ज्याला लागला त्याला मिठी मारायची. रागाने दगड उचलायचा नाही. रागाचं रक्त देवी घेत नाही.

उमेद वरच्या गटातला, मीही. हंसुलीचा भाऊ लछम खालच्या. लछम जंगलातून देवदाराचे ओंडके ओढतो, महिनोन्महिने तिकडेच असतो, छाती दारासारखी. बहिणीचं मोडलेलं मनगट त्याने पहिल्यांदा पाहिलं ते त्या वर्षीच्या पौर्णिमेच्या सकाळी, ती राखी बांधायला बसली तेव्हा. मी उमेदची ढाल द्यायला आलो होतो.

‘आज तो उठणार नाही,’ लछम म्हणाला. जेवायला काय आहे विचारावं, तसा.

‘आणि तू तुरुंगात गेलास की मला कोण आहे?’

‘मैदानात कुणाचा दगड कुणाला लागला, कोण सांगणार?’

‘मी सांगेन. देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगेन. त्याला दगड मारणार नाही असं म्हण, नाहीतर हात मागे घे.’

त्याने हात मागे घेतला नाही.

‘दगड मारणार नाही.’

तिने एका हाताने दोरा गुंडाळला आणि गाठ दातांनी ओढली.

दुपारपर्यंत ढाब्याचं छप्पर पाहुण्यांनी भरलं, तिथून सगळं मैदान दिसतं. नाचणीच्या भाकऱ्या, मोहरी घातलेलं काकडीचं रायतं वर जात होतं.

‘काका, दगड खरे असतात?’ एकाने मला विचारलं.

‘खोटे कुठे मिळतात?’

उमेद कोठीत पोत्यामागे बसला होता. ‘पोट बिघडलंय, कका. शिवाय गिऱ्हाईक फार आहे.’

हंसुलीने ढाल त्याच्या मांडीवर टाकली. ‘ऊठ. ढाबा रोज मीच सांभाळते. तू नाही उतरलास तर लोक म्हणतील, बायकोला मारणारा मेहुण्याला घाबरला.’

छपरावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तो उठला.

सुरुवातीचा शंख वाजला आणि दगड सुरू झाले. पहिले दगड उंचावरून येतात, पावसासारखे, ढालीवर कडकडतात. मग दोन्ही रांगा जवळ येतात आणि दगड सरळ होतात. माझ्या डावीकडच्या माणसाचा जबडा फुटला. पुढचा गुडघ्यावर बसला तो उठला नाही, त्याला पायांना धरून मागे ओढावं लागलं. माती ओली झाली. चढावर पाय घसरत होते, तरी रेटा थांबत नव्हता.

लछम त्या दगडांतून चालत आला. खांद्यावर लागला, मांडीवर लागला, तो येतच राहिला. उजवा हात रिकामा. उमेदसमोर येऊन थांबला आणि ढाल खाली केली.

उमेद घाबरला. हातात होता तो दगड त्याने चार पावलांवरून तोंडावर मारला. लछमची भुवई उकलली, डोळा रक्ताने भरला. त्याने तो पुसलासुद्धा नाही.

शंख वाजला.

आता उमेदची पाळी होती. दगड त्याचा लागला होता, मिठी त्यानेच मारायची होती. तो मागे वळला तर आमचीच माणसं उभी.

‘जा की,’ कुणीतरी म्हणालं. ‘तुझाच मेहुणा आहे.’

लछमने हात पसरले. ‘या, भावोजी.’

त्या दिवसाची मिठी सोडवायची नसते. जाणते लोक डोंगराकडे बघत उभे राहिले. उमेदचे पाय जमिनीवरून उचलले गेले. आधी तो हसल्यासारखा आवाज काढत होता, मग आवाजच निघेना. ओठ निळे पडले. बरगड्या मोडल्या त्या मी शेजारी उभा राहून ऐकल्या.

छपरावर एक बाई डोळे पुसत होती. ‘इतकं मारूनसुद्धा किती प्रेम आहे बघा यांच्यात.’

आम्ही उमेदला खाटेवर आणून टाकलं. मागोमाग लछम आला. हंसुलीने गरम पाण्याचं फडकं त्याच्या भुवईवर इतक्या जोरात दाबलं की तो विव्हळला.

‘मेला असता म्हणजे?’

‘ओंडका हातातून सुटू नये एवढाच दाबला. जास्त दाबायचं मनात आलं होतं.’

‘मग?’

‘राखीची गाठ मनगटात रुतत होती. तू फार आवळतेस.’

ती हसली नाही. उमेदला पाणी पाजायला गेली. डोकं उचलून धरलं, दोन घोट दिले, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘माझा भाऊ पुन्हा कधीही येईल. गळाभेटीला पौर्णिमाच लागते असं नाही.’

उमेदने घरात पुन्हा हात उचलला नाही. पहिले काही दिवस उचलताच येत नव्हता. बरगड्या नीट जुळायच्या आधीच, एका अंगावर वाकलेला, तो सकाळच्या बसने हल्द्वानीला गेला. तिथे ट्रकवर क्लीनर आहे म्हणतात. हंसुलीने भाकऱ्या बांधून दिल्या. बस वळेपर्यंत ती थांबली नाही. भट्ट भिजलेले होते, चूल पेटायची होती, आणि वरच्या खोलीतली गिऱ्हाइकं चहासाठी हाका मारत होती.