निशाणावरचा अजगर

कॅम्पातल्या इराण्याच्या हॉटेलात गल्ल्यामागे एक जुनं चित्र आहे. झऱ्याकाठी एक वीर अजगराच्या जबड्यात तलवार खुपसतो आहे. म्हातारे मालक एकदा म्हणाले होते, "आमच्या गोष्टींत अजगर पाणी अडवून बसतो. लोक तहानेनं मरतात, मग कुणीतरी वीर येतो."

आज चहा समोर निवत होता आणि डोकं तापलेलं होतं, तेव्हा त्या वीरामागे फडकणारं त्याचं निशाण मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यावरही अजगरच.

"चाचा, हे कसं काय?"

"ज्याला मारलं, त्याचीच ताकद मिरवायची," ते म्हणाले. "लोकांनी घाबरायला पाहिजे ना."

आमच्या सोसायटीचे आधीचे सेक्रेटरी पाण्याच्या व्हॉल्व्हची किल्ली खिशात घेऊन फिरत. मर्जीतल्या विंगला पाणी, बाकीच्यांच्या घशाला कोरड. त्यांच्याशी भांडले ते शेजारचे वसंतराव. आम्हीच त्यांना डोक्यावर घेतलं, सेक्रेटरी केलं. आता किल्ली त्यांच्या खिशात आहे. काल माझी बायको रिकामी बादली घेऊन त्यांच्या दारात गेली, तर म्हणाले, "वहिनी, तुमचे हे मीटिंगमध्ये फार बोलतात."

अजगर मारायला हिंमत लागते, मान्य. पण नंतर झऱ्यावरून बाजूला व्हायला त्याहून मोठी लागते, आणि तिचं चित्र कुणी काढत नाही.

चहा तसाच ठेवून मी उठलो.

"निघालात?" चाचांनी विचारलं.

"मीटिंग आहे," मी म्हणालो. "फार बोलायचंय."