उघाडीच्या फळ्यांचं टेबल

बांधावरून चालायला लागून पाऊण तास झाला होता आणि जनू मिस्त्रीचं तोंड अजून मिटलं नव्हतं. एका अंगाला खाडीचा चिखल, दुसऱ्या अंगाला खारशेती, मध्ये हातभर वाट. पुढं जनू, मागं वनिता. टेबलाचं लाकूड आलं कुठून, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एकटी गेली तर आपल्या गावभर विचारत फिरेल, या धास्तीनं तो सोबत निघाला होता.

"लाकूड माझ्याशी बोलतं गो वनिताबाय. हात ठेवला की कळतं, कुठलं ते."

"मग हे बोललं नाय? का बोललं आन् तू दाबलंस?"

जनूनं बिडी पेटवली.

पेणपासून रोह्यापर्यंत जनूनं केलेली दारं आहेत आणि त्यातलं एकही धड लागत नाही. पावसाळ्यात अडलं तर लाकूड फुगलं, उन्हाळ्यात फट पडली तर लाकूड आटलं. खाट करकरली तर निजणारा जड. सगुणाकाकीचा पाट डुगडुगला, तेव्हा म्हणाला, "काकी, तुमची जमीनच वाकडी." साठी आली, पण चूक कधी याच्या पदरात पडली नाही, पडली ती शेजाऱ्याच्या.

असल्या माणसाला रोह्याच्या मृणालीनं बारा फुटी टेबल सांगितलं. तिनं तिथं एक जागा काढली होती. चित्रं काढणारे, लिहिणारे, कसले कसले आराखडे करणारे, सगळे भाडं भरून एकाच टेबलाशी बसणार. घरी बसून जे होत नाही ते भाड्याच्या टेबलावर कसं होतं, देव जाणे. तिला लाकूड जुनंच हवं होतं. जनू म्हणाला, कोलाडच्या पडक्या शाळेचं सागवान, शंभर वर्षांचं. तिनं मान डोलावली.

रंगवायला वनिताला बोलावलं. वनिता पेणच्या कारखान्यात गणपतीची आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखते. देवाचं नाव घेतल्याशिवाय ब्रश उचलत नाही, टेबलापुढंही तसंच घेतलं. आठ दिवस खपून तिनं निळी खाडी आणि बगळे काढले.

पंधरवड्यात निळ्यावर पांढरं पांढरं फुललं. मृणालीला आधी तीही कलाच वाटली. तिनं फोटो काढले. मग कुणाच्या तरी कोपराला अख्खा बगळा चिकटून आला. "तुमचा रंगच भेसळीचा," ती वनिताला म्हणाली. "कारखान्याच्या मालकांना कळवते मी." पेणात असला एक शब्द पुरतो. ज्या हाताचा रंग सुटतो, त्या हाताला कुणी देवाचे डोळे देत नाही.

वनितानं ते पांढरं बोटानं पुसलं आणि जिभेला लावलं. मीठ. जनूचं खाडीकाठचं गाव तिला तिथंच आठवलं.

बांधातली उघाडी आली. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बसवलेलं दार. गेल्या वर्षीच लोखंडी झालेलं. जुन्या लाकडी दाराची एक फळी चिखलात पडली होती. वनितानं पदर खोचून ती उलटी केली. वीत-वीत अंतरावर जोडीजोडीनं खिळ्यांची भोकं. टेबलावरची अशीच भोकं तिनं रंगाआधी लांबीचा लगदा भरून बुजवली होती.

"जन्मभर खाऱ्या पाण्यात मुरलेली फळी ही. तुझा बाप मिठागरावर होता ना रे दादा? यावर रंग टिकत नाय, हे तुमच्यातलं शेंबडं पोर सांगेल."

"तिला जुनं पायजे होतं. जुनंच दिलं."

"आन् शाळा?"

"शाळा पण जुनीच हाय."

वनिता फणकाऱ्यानं वळली. अशा कोडग्याशी बोलून तोंड कशाला शिणवावं?

परतताना वनिता पुढं, जनू मागं. वाटेवरच्या गावदेवीच्या घुमटीशी वनितानं चपला काढून हात जोडले. त्यानंही जोडले, तिच्याहून जास्त वेळ. याला काहीतरी मागायचंय, हे तिनं ओळखलं. पण देवीसमोर त्याची जीभ उचलली नाही. घुमटी पार मागं पडली, तेव्हा कुठं तो थांबला.

"वनिताबाय, माझं एक ऐक. तिला सांग, रंगच खराब लागला. दुकानदारानं फसवलं म्हण पायजे तर. तुझं काय, खरवडून दुसरा लावशील. मी एवढं लाकूड परत कुठं नेऊ? सांगशील ना गो?"