साडेचारशेवर पळणाऱ्या निमसे बाई

निमसे बाई संगणकाचा ताप बघायच्या. गमतीनं म्हणत नाही, खरंच बघायच्या. नगरच्या कॉलेजात मी नवा नवा रुजू झालो आणि फिजिक्स विभागात पाऊल टाकलं, तर इरकली साडीतल्या, पन्नाशी कधीच ओलांडलेल्या एक बाई टेबलाशी वाकून उभ्या होत्या. समोर संगणकाचा डबा. त्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, आणि बाईंच्या हाताची पाठ आतल्या प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना लावलेली. यंत्र चालू! मी दारातच थबकलो. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती आणि झाकण उघडायचं तर पुण्याहून माणूस बोलवायचे. "कोमट हाय," बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून एकदम पुस्तकी मराठीत, "या, बसा ना. नवीन का आपण?"

बाईंच्या अशा दोन भाषा होत्या. वर्गात बोलायच्या ती एक, आणि राग, लोभ, काळजी काही मनापासून असलं की नेवाशाकडच्या माहेरची दुसरी. त्यांनी पुस्तकी मराठी सोडली की समोरच्यानं जपून राहायचं, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.

विभागाबाहेर आम्हा प्राध्यापकांच्या नावांची पाटी होती. तीत एकेकाच्या नावामागे 'डॉ.' लागत गेलं होतं. ज्यांना बाईंनी स्वतः शिकवलं तेसुद्धा डॉक्टर झाले होते. बाई मात्र संसार, सासूचं आजारपण, मुलींची लग्नं यांतून उशिरानं पीएच.डी.ला लागल्या. बंधाऱ्यात अडवलेलं पाणी मुरमातून सरळ खाली जातं की आडवं सरकतं, हा त्यांचा विषय. उन्हातान्हात बंधारे पालथे घालून त्यांनी मोजमापं आणली होती. त्यांचं म्हणणं, पाणी आडवंच जास्त सरकतं. "आपण अडवायचं अन् शेजाऱ्याच्या हिरीत जायचं," असं त्या हसून म्हणायच्या. पण ते सिद्ध करायचं तर संगणकावर प्रचंड मोठं गणित सोडवावं लागणार होतं. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढही वर्षअखेरीला संपत होती. त्यानंतर नोंदणीच रद्द. आणि बाईंची निवृत्ती पुढच्याच उन्हाळ्यात. एकदा चहा पिताना त्या सरळच म्हणाल्या, "पाटीवर माझ्या नावामागं डॉक्टर लागलेलं बघायचंय. लई हौस हाय मला."

हिशेब असा होता, की आमच्या यंत्रावर ते गणित तीन महिने चालणार. गणपती येऊन ठेपले होते. तीन महिन्यांनी उत्तर आलं तर प्रबंध लिहायचा कधी, बांधायचा कधी? यावर बाईंनी एक तोडगा काढला. आमचा प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा. बाईंनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की बोर्डावरच्या एका पिनेवरची बारीकशी टोपी काढून शेजारच्या पिनेवर घातली, की तोच प्रोसेसर साडेचारशेनं पळतो. फक्त तापतो, आणि जास्त तापला तर बिघडतो किंवा जळतो.

मी हादरलोच. सरकारी ग्रँटमधून आलेलं यंत्र, विभागाच्या सामानात नोंद असलेलं! जळलं तर प्राचार्य आम्हा दोघांना उभं जाळतील, असं मी म्हणालो. बाईंनी डोक्यातला आकडा काढला, त्याच्या टोकानं ती टोपी उचलली आणि पलीकडे बसवली. यंत्र सुरू झालं. पडद्यावर साडेचारशे उमटलं, आणि लगेच सगळं गोठलं. मी डोळे मिटून घेतले. बाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका. बैल दमलाय, मेला न्हाई."

मग आठवडाभर त्याला स्थिर करण्याचा उद्योग. आधी विजेचा दाब रेसभर वाढवला. प्रोसेसरचा पंखा बदलून मोठा लावला. पट्ट्यांखालचा, उष्णता वाहून नेणारा सुकलेला लेप खरवडून नवा, कागदाइतका पातळ लावला. डब्याचं झाकण काढलेलंच ठेवलं आणि घरचा टेबलफॅन आणून डब्याच्या उघड्या अंगाला लावून दिला. यंत्र गोठायचं थांबलं. मी म्हणालो, जमलं! बाईंनी मान हलवली. न गोठणं म्हणजे ठीक असणं नव्हे, हा त्यांचा मुद्दा. तापलेलं यंत्र कधी कधी बंद पडत नाही, बिनबोभाट चुकीचं उत्तर देतं, आणि ते जास्त वाईट. म्हणून त्यांनी उत्तर आधीच माहीत असलेलं एक गणित त्याला पुन्हा पुन्हा घातलं आणि दर वेळी उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत ताडून पाहिलं. "एकदा आलेलं उत्तर ही अफवा," त्या म्हणायच्या. "दोनदा तेच आलं तर बातमी." सगळी उत्तरं जुळली तेव्हाच खरं गणित सुरू झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा असते. व्हर्नियर, मायक्रोस्कोप, स्प्रिंगचे काटे, सगळं पुसून मांडतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी वापरत नाही. संगणकाचं गणित मात्र मध्येच थांबवायचं नव्हतं. बाईंनी चालू यंत्रालाच हळदकुंकू लावलं आणि डब्याच्या कडेवरून झेंडूची माळ सोडली. हात जोडून म्हणाल्या, "बाबा, आज तुला सुट्टी न्हाई. रागावू नको." आम्ही सगळे हसलो, पेढे खाल्ले आणि घरी गेलो.

दिवाळीची सुट्टी झाली. यंत्र एकदाही गोठलं नाही. सुट्टी संपता संपता उत्तर आलं, आणि काय उत्तर! पाणी आडवंच सरकत होतं, बाई म्हणत होत्या तस्सं. आनंदानं मला काही सुचेना. बाईंनी मुलींना फोन केले, विभागाला जिलबी आणली आणि आता धूळ तरी पुसावी म्हणून फडकं घेऊन डब्यात डोकावल्या.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. टेबलफॅनच्या वाऱ्यानं झेंडूच्या पाकळ्या उडून आत गेल्या होत्या. त्या वाळून पट्ट्यांच्या फटींत बसल्या होत्या. माळेचा दोरा प्रोसेसरच्या पंख्याच्या आसाला गुंडाळला गेला होता आणि पंखा कण्हत कण्हत, कसाबसा फिरत होता. बाईंनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. दोरा तसाच ठेवून त्यांनी ते जुनं माहितीतलं गणित पुन्हा घातलं. पहिलं उत्तर बरोबर आलं. दुसरं आलं ते चौथ्या दशांशाला चुकलेलं.

म्हणजे खंडेनवमीपासूनचं सगळं गणित संशयास्पद झालं. डिस्क लहान, नवी फाईल जुनीवरच लिहिली जायची, त्यामुळे मागे जायलाही जागा नव्हती. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर साडेचारशेनंही दोन महिने, आणि हातात उरला होता दीड. मी म्हणालो, बाई, चौथा दशांश! निष्कर्षाला त्यानं काय होतंय? दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही एसटीनं पुण्याला त्यांच्या गाईडसरांकडे गेलो.

सर भला माणूस. त्यांनी आकडे पाहिले, हसले आणि सहीसाठी पेन उघडलं. असल्या बारीक फरकाचं कुणाला काही पडलेलं नसतं, तुम्ही बिनघोर प्रबंध द्या, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. शेवटी म्हणाले, "बाई, तोंडी परीक्षेत हे कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन की," बाई म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठलोच. कुणा वडीलधाऱ्यासमोर मी असा आवाज कधी चढवला नव्हता. तुमची सगळी उमेद यात गेलीय, असं काय काय बोललो. बाईंनी माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं, सरांना नमस्कार केला आणि मुदतवाढ मागायचा शेवटचा अर्ज करून आम्ही परतलो. अर्ज नामंजूर झाला. डिसेंबरच्या अखेरीला नोंदणी संपली, त्या दिवशी दुपारी बाई रिकाम्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून रडल्या. लपवलं नाही. "लई हौस हुती रे मला," म्हणाल्या. मला त्यांनी पहिल्यांदाच अरे म्हटलं होतं. कॉलेजात कुणी त्यांना हट्टी म्हटलं, कुणी वेडी. मीही मनातून तेच म्हणत होतो.

सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो. जानेवारीत पाहतो तर बाईंनी ती टोपी मूळच्या पिनेवर परत घातलेली, यंत्र तीनशेवर, आणि तेच गणित पहिल्यापासून लावलेलं! आता कशासाठी, असं मी विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही, असं त्या म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

उत्तर आलं ते वार्षिक परीक्षांच्या तोंडावर. प्रिंटरमधून कागद सरकत होते तसा मी जुना निकाल शेजारी धरून ताडत होतो. पाणी आडवंच सरकत होतं. निष्कर्ष तोच, तंतोतंत तोच. फरक काय तो कुठे कुठे चौथ्या दशांशाला. त्या दोऱ्यानं निष्कर्षाचं काहीही बिघडवलं नव्हतं.

"बाई," मी ओरडलोच, "अहो, तेव्हाचं बरोबर होतं! सरांनी सही केली असती. आज तुम्ही डॉक्टर असता!"

बाईंनी माझ्या हातातून दोन्ही कागद घेतले, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर हे आत्ता म्हाईत झालं. तवा न्हवतं."

आणि सरांना कळवायला फोन करण्यासाठी त्या ऑफिसकडे चालू लागल्या. मी प्रिंटर बंद केला. बाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुढे मी डॉक्टर झालो, विभागप्रमुख झालो, पण त्या दुपारचा तो धक्का मला अजून पचलेला नाही.