पिस्टन सांगलीत, लायनर लोणंदला

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा मी पीठ मोजायला आणला होता. पण लॉकडाऊननंतर त्याच्यावर पीठ क्वचित आणि लोखंडच जास्त चढलं. चपातीची कणीक मी अंदाजानंच घ्यायला लागले.

पाणी उपसायच्या जुन्या डिझेल इंजिनांचे सुटे भाग विकणं हा आमच्या सासरचा धंदा. मळ्यामळ्यात वीज पोचली नव्हती तेव्हा कृष्णाकाठी ही इंजिनं रात्रंदिवस धडधडायची आणि सांगलीतल्या आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसायची, असं सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात माल होता, गिऱ्हाईक नव्हतं. पुढे लॉकडाऊन लागला तेव्हा नवरा घरी होता. त्यानं मोबाईलवर ऑनलाइन दुकान उघडून दिलं, फोटो कसे टाकायचे ते शिकवलं आणि पुण्याच्या नोकरीवर परत गेला. मागे राहिलो मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणते.

आश्चर्य म्हणजे माल खपायला लागला. कुठल्या कुठल्या राज्यांतून पिठाच्या गिरणीवाले, होडीवाले, रसाच्या घाण्यावाले ती जुनी मापं शोधत यायचे. पण हातात काही उरेना. कुरिअरवाला अर्ध्या अर्ध्या किलोचे टप्पे धरतो, काटा जरासा पुढे सरकला की पुढच्या टप्प्याचं भाडं. खोकं मोठं असलं तर तो वजनाकडे बघतच नाही, खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजून भाडं लावतो. आतल्या हवेचेही पैसे पडतात, असं मी मामंजींना सांगितलं. "हवंचंबी भाडं?" ते म्हणाले. "लय सुधारलं जग." वर ऑनलाइन कंपनीचं विक्रीचं कमिशन होतंच, आणि ते गिऱ्हाइकानं भरलेल्या भाड्यावरही कापलं जायचं.

मामंजींचं पॅकिंग ट्रान्सपोर्टच्या ट्रकसाठीचं. पिस्टनला बोटभर ग्रीस, वर कागद, त्यावर पोत्याचा तुकडा, आणि दाभणानं सुतळीची अशी शिवण की घेणाऱ्याला विळाच लागावा. त्या पोत्यावरून आमची खूप भांडणं झाली. मी ग्रीसऐवजी तेलाचा हात फिरवायला लावला. औषधाच्या दुकानातून रिकामी खोकी आणून ती मालाच्या अंगाबरोबर कापायला शिकले. घाई नसलेल्या गिऱ्हाइकांचा माल पोस्टानं पाठवू लागले. कुरिअरवाले वजन वाढवून लावतात हे कळल्यावर प्रत्येक खोक्याचा काट्यावरचा फोटो काढून ठेवायची सवय लावून घेतली. या सगळ्यानं खर्च उतरला, हे खरं. पण खरी गळती पोत्यात नव्हतीच. ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या वाटणीत होती.

मामंजींना एक धाकटा भाऊ. आम्ही त्यांना काका म्हणतो. दुकानात विजेच्या मोटारी ठेवाव्यात असं काकांचं म्हणणं होतं, आणि मामंजींना ते इंजिनांशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं. एकदा गिऱ्हाइकांसमोरच दोघांचं वाजलं, नको ते शब्द गेले आणि वाटणी ठरली. पूर्ण सेट वाटले तर चांगले कुणाकडे गेले, हलके कुणाकडे गेले यावरून पुन्हा तंटा होईल, म्हणून मामंजींनी तोड काढली. प्रत्येक सेट मधोमध फोडायचा. सगळे पिस्टन थोरल्याला, सगळे लायनर धाकट्याला. लायनर म्हणजे इंजिनाच्या पोटातली जाड लोखंडी नळी, तिच्यातच पिस्टन वरखाली होतो. एकाशिवाय दुसरं म्हणजे नुसतं लोखंड. वाटणी इतकी चोख झाली की मध्यस्थांनी मान डोलावली, आणि इतकी चोख झाली की दोघंही बुडाले. काका आपली निम्मी बाजू घेऊन सासुरवाडीला लोणंदला गेले, स्टेशनच्या अंगाला गाळा घेऊन बसले. दरवर्षी पर्युषण संपलं की आम्ही जैन लोक क्षमा मागत दारोदार फिरतो. मामंजींनी दूधवाल्याची क्षमा मागितली, माझीही मागितली, पण लोणंदला कधी फोन लावला नाही.

ऑनलाइनवर ही फाळणी साऱ्या देशापुढे आली. काकांचाही माल तिथंच विकायला होता. गिऱ्हाईक पिस्टन आमच्याकडून मागवायचं, लायनर त्यांच्याकडून. एकाच इंजिनासाठी दोन खोकी, दोन भाडी, दोनदा कमिशन. पाटणच्या एका गिरणीवाल्यानं फोन करून विचारलं, "आवं बाई, नवरा सांगलीवरनं आन बायकू लोणंदवरनं धाडताय व्हय? एका गाडीत बसत न्हाईत का?" मी हसले. मामंजी शेजारीच होते, ते हसले नाहीत.

आणि मग खोकी परत यायला लागली. पिस्टन आणि लायनरचं माप जुळावं लागतं. एक साध्या मापाचा आणि दुसरा वाढीव मापाचा गेला, तर बसतच नाही. पाटणचा सेट परत आला. त्यामागून आणखी. ऑनलाइनच्या धंद्यात परत आलेलं खोकं जाताना जितकं खातं त्याहून जास्त येताना खातं. आमचा पिस्टन बरोबर असायचा, चूक लायनरमध्ये असायची, तरी परतीचं भाडं आमच्याही डोक्यावर बसायचं.

पुण्याहून नवऱ्यानं एकदा शांतपणे सांगितलं की दुकानाच्या गाळ्याचं भाडं त्याच्या पगारातून जातं आहे, आणि दिवाळीपर्यंत निदान पार्सलचा खर्च सुटला नाही तर सगळा माल किलोवर भंगारात द्यायचा. तो चुकीचं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. पण फोन स्पीकरवर होता. त्यानंतर मामंजी माल पुसायला पहाटेच जाऊन बसायचे. एकेक पिस्टन फडक्यानं पुसून पुन्हा त्याच जागी ठेवायचे. विकला जाणार नाही असा माल इतका स्वच्छ कशाला, हे त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही. तो माल भंगारात गेला तर हा माणूस टिकणार नाही, एवढं मला कळत होतं.

आणखी एक खोकं परत आलं त्या दिवशी मामंजी उखडले. "मुद्दाम करतोय त्यो. आपलं नुसकान व्हावं म्हणून. न्हाईतर माप बघून घालायला काय डोळं गेल्यात त्येचं?"

"मी जाऊन विचारून येते," मी म्हटलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझ्या हिशोबानं ते हो होतं.

लोणंदला मी पहिल्यांदाच उतरले. बाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी, आणि तो वास थेट काकांच्या गाळ्यापर्यंत. काका दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी वाकून नमस्कार केला.

"कोण?" ते म्हणाले.

मला वाटलं, टोमणा मारला. नवी नवरी असताना याच माणसानं मला सांगलीच्या गणपतीला नेऊन भेळ खाऊ घातली होती. माझा चेहरा पडला. तेवढ्यात आतून काकी आल्या आणि माझा दंड धरून मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

"दिसत न्हाई त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "साखरेनं खाल्लं डोळं. उजेड-अंधार तेवढा कळतोय." लायनरवर माप बारीक ठोकलेलं असतं, तेही तेलाखाली. काका हातानं चाचपून सांगायचे, काकी उचलून खोक्यात भरायच्या. साध्या मापात आणि वाढीव मापात फरक केसाएवढा, तो बोटांना कुठून कळणार? परत आलेल्या खोक्यांपायी त्यांचंही कंबरडं मोडलं होतं. "कळवलं का नाही?" मी विचारलं. काकींनी पदरानं नाक पुसलं. "नको म्हणालं. भाऊ यावा तर भाऊ म्हणून यावा, कीव करत नगं."

परतीच्या गाडीत पलूसच्या बाजूचा ऊस खिडकीतून मागे जात होता आणि मी मामंजींना कोणत्या शब्दांत सांगायचं ते जुळवत होते. एकही वाक्य जुळलं नाही. शेवटी घरात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, "मामंजी, काकांचे डोळे खरंच गेलेत."

ते उठले, मोरीत गेले आणि हात धुवू लागले. हात स्वच्छच होते. नळ खूप वेळ चालू राहिला.

पुढचे काही दिवस घरात लोणंदचं नाव निघालं नाही. मग एका सकाळी दुकानात गेले तर फळ्या अर्ध्याअधिक रिकाम्या आणि मामंजी जमिनीवर बसून दाभणानं पोती शिवत होते. सगळे पिस्टन भरले होते. मला धसका बसला, म्हटलं भंगारवाला आजच बोलावला की काय.

"लोणंदला न्यायाचं," ते वर न बघता म्हणाले. "लायनर लोखंडाचा, जड. पिस्टन अ‍ॅल्युमिनमचा, हलका. हलकं हाय त्येनं जडाकडं जावं. भाडं कमी बसतंय."

इतकी वर्षं ज्याला थोरलेपणाची पायरी उतरता आली नाही, त्याला वजनकाट्यानं वाट दिली. मी ते भाड्याचं कारण मुकाट्यानं मान्य केलं. पोती ओळखीच्या टेम्पोत चढवली आणि आम्ही दोघं रेल्वेनं गेलो.

काका तसेच दारात बसले होते. काकींनी मामंजींना पाहिलं आणि तोंडावर हात नेला. मामंजींनी हातानंच गप्प राहायला सांगितलं. ते काकांच्या बाजूनं, अंग चोरून, आत गेले. टेम्पोवाल्यानं आमच्याआधी आत उतरवून ठेवलेलं एक पोतं उसवलं. फळीवरून एक लायनर उचलला, धोतराच्या सोग्यानंच पुसला, चष्मा कपाळावर सरकवून ठोकलेलं माप अगदी नाकाशी धरून वाचलं. मग त्याच मापाचा पिस्टन शोधला आणि अंगठ्यानं अलगद आत ढकलला. तो सुळकन खाली गेला. तो आवाज या दोन भावांनी आयुष्यात किती वेळा ऐकला असेल कोण जाणे.

काकांनी मान वळवली. "कोण करतंय? सूनबाई आलीया काय?"

"व्हय काका," मी म्हटलं.

"बसला का?"

याचं उत्तर मी द्यायचं नव्हतं. मी मामंजींकडे पाहिलं. 

"बसला," ते म्हणाले.

काकांचे दोन्ही हात खुर्चीवर घट्ट झाले. 

"अण्णा," काका म्हणाले, "कवा आलास?"

"मगाशी." मामंजी लायनर घेऊन खुर्चीपाशी येऊन बसले.

"जेवलास?"

 मामंजी रडत होते, मांडीवरचा लायनर न सोडता, तोंड उघडं ठेवून. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही आवरेना. काकांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला, तो आधी लायनरला लागला, मग मामंजींच्या मनगटाला. "आता रडतोस कशाला," ते म्हणाले, "माल गंजंल की." त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. काकी लगबगीनं चुलीकडे वळल्या, कारण दिवस कलला होता आणि आमच्यात दिवेलागणीच्या आत जेवण उरकतात.

वाटणीबद्दल दोघं तेव्हाही बोलले नाहीत आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही नाही. काकांची नजर परत यायची नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. सगळा माल वाचला असंही नाही. पिस्टनला खालून जोडायच्या लोखंडी दांड्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड, आमच्याकडे पडून होते, त्यांना गिऱ्हाईकच नव्हतं, ते दिवाळीला भंगारात गेले, आणि ते काट्यावर चढत असताना मामंजी तिथं थांबले नाहीत. पण सांगलीचा गाळा आम्ही सोडला. कुरिअरवाल्याला आता लोणंदचा पत्ता दिला आहे. मामंजी दर आठवड्याला जातात, दोन-तीन दिवस राहतात, मापं वाचतात, काका हातात पिस्टन घेऊन बसतात आणि काकी खोकी बांधतात. पैशांचं आणि गिऱ्हाइकांचं मी इथून सांगलीतून बघते. एक सेट, एक खोकं, एकच भाडं. खोकी परत येणं जवळजवळ थांबलं.

परवा नवऱ्यानं फोनवर सगळं विचारून घेतलं. खर्च किती उतरला हे ऐकून तो खूश झाला. मग त्याच्यातला अकाउंटंट जागा झाला. "पण बाबांचं दर आठवड्याचं जाण्यायेण्याचं भाडं धरलंस का त्यात?"

मी धरलं नव्हतं. मामंजी दारात चपला घालत होते, गाडीची वेळ झाली होती. मी त्यांनाच विचारलं, ते भाडं पार्सलच्या खर्चात घालू का.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "भावाकडं जायाचं भाडं कुणी खर्चात धरतंय व्हय?" म्हणाले, आणि जिना उतरून गेले.