औषधाच्या हातून निसटलेलं विष

"तोडाचं नाही, काकाजी. अख्खंच जाऊ द्या!"

बोटाएवढी बाटली खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा बारीक करून प्रयोगशाळेतल्या मॅडम हे मोठ्यानं म्हणायच्या. मी काय तोडणार? माझ्या हातात झाडू. बाजूच्या खोलीतल्या, विभागाच्या मोठ्या साहेबांना ऐकू जावं म्हणून त्या माझ्या नावानं बोलायच्या.

मी सातवी नापास माणूस. अमरावतीच्या एका कॉलेजाच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होतो, अजूनही आहे. वलगावकडचं वावर, म्हणजे शेत, ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं. विळ्यानं तूर सोंगताना बायकोला घोणस चावली. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, तरी हिरड्यांतलं रक्त थांबलं नाही. चौथ्या दिवशी गेली. मग त्या वावरात पाय टाकवेना आणि घरात बसवेना.

मॅडम मूळच्या बाळापूरच्या, राहायच्या अकोल्याला. रोज एसटीनं यायच्या. डब्यात भाकर आणि ठेचा. ठेचा खाल्ल्यावर तीनदा हात धुवायच्या आणि तरी एक बोट हुंगून पाहायच्या. "विषाले तिखट लागलं तर बिघडन ना, काकाजी."

त्यांचं काम त्यांनी मला जेवता जेवताच समजावलं. घोणसीचं विष म्हणजे एक वस्तू नाही. त्यात बरीच प्रथिनं असतात. दवाखान्यातलं औषध त्यांतल्या काहींना पकडतं, काही निसटतात. "आपल्या भागातल्या घोणसीत निसटते कोण, थेच पाह्याचं हाय," त्या म्हणाल्या.

त्यासाठी एक लोखंडी नळी होती, आत बारीक भुकटी ठासलेली. विषात औषध मिसळायचं, पकडलेलं बाजूला काढायचं, उरलेलं पंपानं त्या नळीतून ढकलायचं. भुकटीला कमी चिकटणारं प्रथिन लवकर बाहेर पडतं, जास्त चिकटणारं उशिरा. एकेकटं बाहेर आलं की पुढचं मशीन त्याचं वजन करतं. अख्ख्या प्रथिनाला नळी गरम लागते, नाही तर ते आतच ठाण मांडून बसतं. पाहुण्यासारखं.

साहेब म्हणायचे, "मॅडम, सगळे आधी प्रथिनांचे तुकडे करतात. तुकडे सोपे जातात. तुम्हीच का अडून बसता?"

"सर, दोन जुळ्या भावांचे तुकडे केले अन् एकत्र ढिगारा घातला, तर कोनाचा हात कोनाचा, सांगता येईन का? मले गुन्हेगार अख्खा पाह्यजे."

"जरा नीट बोला."

"नीटच बोलून राहिली ना, सर."

मॅडम बोलायला गोड नव्हत्या, हे मीही सांगतो. पण खोटं बोलत नव्हत्या.

आता माझा पराक्रम ऐका. परवानग्या काढता काढता मॅडमच्या चपला झिजल्या, तेव्हा विषाची एकच लहान बाटली मिळाली होती. दुसरी मिळणार नव्हती. त्या दिवशी मी लवकर आलो. म्हटलं, मोठ्या कामाचा दिवस आहे, मशीनच्या काचेच्या बाटल्या चांगल्या धुऊन ठेवू. साबणाची भुकटी टाकून घासल्या, अशा चकाचक की तोंड दिसावं.

दुपारी मॅडमनं अर्धं विष नळीतून सोडलं. पडद्यावर एकेका प्रथिनाचा एकेक, असे लहानमोठे डोंगर दिसायला हवे होते. दिसल्या नुसत्या पायऱ्या. एकसारख्या अंतराच्या, वरपासून खालपर्यंत.

"काकाजी, बाटल्या कशानं धुतल्या?"

"साबणानं. काहून?"

मॅडम पंप बंद करून स्टुलावर बसल्या. त्या मशीनला साबण चालत नाही. धुतलेल्या काचेला राहिलेला साबणही ते मोजतं, आणि तोच एवढा ओरडतो की बाकी कोणाचं ऐकूच येत नाही. अर्धं विष वाया गेलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, मले काढून टाका. घरी तिच्या मागं मीच भांडे घासतो. सवय पडली."

तोवर मी त्यांना बायकोचं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. किती बाटल्या चढवल्या, रक्त कसं थांबलं नाही, सगळं. मग मॅडम उठल्या, म्हणाल्या, "काढून काहून टाकू? साबण ठेवा बाजूले. आठ दिवस नुसतं धुवाचं हाय, पान्यानं अन् स्पिरिटनं. मी सांगन तसं."

आठ दिवस धुतलं. नवव्या दिवशी उरलेलं अर्धं विष सोडलं. मी दाराशी उभा. पडद्यावर बराच वेळ सपाट रेघ होती, मग एक डोंगर उठला. अंगानं उंच, एकटा. औषधाला न सापडलेला. मॅडमनं त्याचं वजन कागदावर दोनदा लिहिलं आणि त्याच वेळी बाहेर पडलेला थेंब झाकणाच्या एका चिमुकल्या नळीत धरला. नळी माझ्या हातात दिली. "पाहा, काकाजी."

पाण्यासारखी दिसत होती. काहीच दिसत नव्हतं आत.

साहेबांचं म्हणणं पडलं, एका थेंबावरून औषधातून विष निसटतं असं अहवालात लिहू नका, लोक औषधाला घाबरतील, 'स्पष्ट नाही' असं लिहा. मॅडम म्हणाल्या, "औषध घ्याच, हे पहिल्या ओळीत लिहिते. पन निसटलं ते निसटलं, हे दुसऱ्या ओळीत." दुसरी ओळ त्यांनी खोडली नाही. मॅडमचा वर्षाचा करार संपला, तो पुढे वाढला नाही. दूरच्या एका शहरात त्यांना काम मिळालं. जाताना नळी फ्रीझरात ठेवून चाबी मला दिली, म्हणाल्या, "बर्फाच्या डब्याची सोय झाली की घ्याले येते. थ्याच्यावर धरणारं औषध शोधाचं हाय. सांभाळसान?"

माझ्या घरचीला नेलं ते हेच, असं मॅडम कधी म्हणाल्या नाहीत. मीच म्हणतो.

त्यांच्या खुर्चीवर आता जुनी रजिस्टरं रचली आहेत. गेल्या सोमवारी साहेब आले. "फ्रीझर रिकामा करायचा आहे. ती नळी फेकून दे."

"नाही फेकत."

"तू रोजंदारीवर आहेस, विसरलास का?"

"नाही विसरलो. उद्यापासून नका बोलावू. पन चाबी माझ्यापाशी हाय, अन् मॅडम आल्याबिगर मी नळी कोनाले देत नाही."

साहेब गेले. मंगळवारी मी वेळेवर आलो. फ्रीझर उघडून पाहिला, नळी जागेवर होती, वर बर्फ धरलेला. दार लावलं आणि समोर स्टूल टाकून बसलो.