बसस्टँडसमोरचं बॅनर

मानवतमध्ये कुणाचं भलं झालं की ते त्याच्याआधी बसस्टँडला कळतं. निवड, बढती, वाढदिवस, सगळ्याचं बॅनर लागतं. मराठीचा मास्तर म्हणून तीस वर्षं मी या बॅनरांची टिंगल केली. बसची वाट बघताना त्यांच्यावरच्या विशेषणांवर मनातल्या मनात लाल रेघा मारायचो.

मग माझ्या भाचीची पुण्याच्या एका कंपनीत निवड झाली. कॉलेजातूनच, शेवटच्या वर्षाला असताना. आमच्या घरातली पहिली सॉफ्टवेअर इंजिनिअर. बॅनरचा मजकूर मी लिहिला: 'मानवतची कन्या तंत्रज्ञानाच्या शिखरावर'. शिखर कुठलं, पोरगी अजून हॉस्टेलवर होती. सत्कारात शाल-नारळ झाल्यावर मी वीस मिनिटं बोललो. जग आता हिच्या बोटांवर चालणार, असंही म्हणालो. टाळ्या पडल्या. वर्गात माझ्या वाट्याला त्या कधी आल्या नव्हत्या.

कंपनी जूनमध्ये बोलावणार होती. जूनचं दिवाळीनंतर झालं. दिवाळीनंतर दोन ओळींचा ईमेल आला. निवड रद्द झाली होती आणि पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या.

भाचीनं माझ्यासमोर लॅपटॉप उघडला. दोन साधी वाक्यं टाकली आणि पडदाभर प्रोग्रॅम आपोआप उतरत गेला.

"नव्या पोरांना पहिलं वर्षभर हीच कामं देत्यात, मामा. टेस्टिंग, बारीक दुरुस्त्या. आता एक सीनियर अन् हे एआय. आमची गरज काय?"

"ह्याचं चुकत न्हाई का?"

"लय चुकतं. पण चूक ओळखायला सीनियर लागतो. अन् मी सीनियर होणार कुठून?"

रागानं नाही, तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं तिनं हे सांगितलं.

घरी बसून तिनं निवांत दुसरीकडं अर्ज केले असते. पण ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, "कवा जायलीस?" हळूहळू ती बसस्टँड टाळून मागच्या गल्लीनं जायला लागली, मग बाहेर पडायचीच थांबली. मी बहिणीला म्हटलं, बॅनर काढून टाकू.

"काढलं तर लोक इचारतील, दादा. त्यापेक्षा पोरीला पाठवते. तिथं शोधील काहीतरी." मग म्हणाली, "वीस मिनटं बोलायच्या आधी जरा थांबला असतास."

रविवारी आम्ही तिला पुण्याच्या बसमध्ये बसवायला गेलो. शेजारपाजारचे आले, चिवड्याचे डबे आले. बॅनर छापणाऱ्यानं तिला तिच्याच फोटोखाली उभं केलं आणि मोबाइल रोखला. "जरा हसा की, ताई. इंजिनिअर झालात."

ती हसली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पुण्याला गेल्यावर आमाला इसरू नको."

"न्हाई इसरत, मावशी."

ती कुठं चालली आहे हे त्या गर्दीत आम्हा तिघांनाच माहीत होतं. बसमध्ये ती पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली, जिथून बॅनर दिसत नाही. आम्हीही दिसत नव्हतो.

आता ती तीन मुलींबरोबर एका खोलीत राहते. त्यांतल्या दोघींना तसाच ईमेल आलेला आहे. दर रविवारी फोन करते. मुलाखत झाली, कळवतो म्हणाले, एवढंच सांगते. बहिणीशी बोलताना मात्र आवाज मोठा आणि हसरा असतो.

गेल्या रविवारी तिनं विचारलं, "मामा, बॅनर हाय का अजून?"

"वाऱ्यानं फाटलं गं परवा."

"बरं झालं," ती म्हणाली. किती तरी महिन्यांनी तिचा आवाज मला सैल वाटला.

सोमवारी सकाळी घरातली सुरी पिशवीत घालून बसस्टँडवर गेलो. चहावाल्यानं त्याचं स्टूल दिलं. माझ्या वयाकडं बघून ते धरूनही उभा राहिला.

"काय करायलात, सर?"

"फाटलंय. काढून टाकतो."

त्यानं वर पाहिलं. "कुठं फाटलंय? चांगलं हाय की."

मी सुरी बाहेर काढली.