बंद जाळीत गेलेला धूर

भूत, चकवा, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला ताईत सुचवायला नको. माझा धंदा छपरांचा. गंगापूर रोडच्या बंगल्यांपासून सिन्नरच्या शेडपर्यंत बावीस वर्षं छपरं चढवतोय. एवढ्या माळ्यांवर सरपटत फिरलो, पण पाली आणि पारवे सोडून कुणी भेटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या घराचं काम केलं. ताई मखमलाबादच्या पुढे मळ्यात राहते, झेंडू आणि शेवंती करते. झेंडूचं बी ती विकत आणत नाही. सासूबाईंनी दिलेलं बी तीस वर्षं दर हंगामाला राखत आलीय. खाली उंदीर काही ठेवत नाहीत, म्हणून नव्या खोल्यांवर तिला माळा हवा होता. "रमेश, बाकी कसं बी कर, पण माझं बियाणं तिथं नीट ऱ्हायलं पाहिजे," एवढंच तिचं मागणं.

माळा म्हणजे सगळा हवेचा खेळ. छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग म्हणजे वळचण. तिच्या खालच्या अंगाला जाळ्या ठेवायच्या. गार हवा तिथून आत शिरते आणि तापलेली हवा वर आढ्याजवळच्या फटीतून निघून जाते. खालून वाटच नसेल तर वरची फट नुसती शोभेची! ताईच्या वळचणीला खालून सिमेंट बोर्ड मारले होते. त्यात बारा चौकोन कापून त्यांवर भोकांची जाळी बसवायची, हे काम विलासकडे होतं. विलास म्हणजे माझा भागीदार. अठरा वर्षं एका डब्यात जेवलोय आम्ही.

काम सोपवताना आमची एक रीत आहे. शिडी लावून प्रत्येक जाळीखाली पेटती उदबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला की काम पास. त्या दुपारी पानही हलत नव्हतं. विलासनं शिडी धरलेली, ताई अंगणात उभी. मी बाराही जाळ्यांखाली उदबत्ती धरली आणि धूर... सुईत दोरा ओवावा तसा सरळ आत! एकदाही मागे फिरला नाही. मी वरूनच ओरडलो, "ताई, बिनधास्त ठेव बी. मी स्वतः बघितलंय."

जूनमध्ये तिचा फोन आला. "रमेश, वाफ्यात बी टाकून पंधरा दिस झाले. एक कोंब नाय रे."

तसाच निघालो. माळ्यावर डोकं घातलं आणि श्वासच कोंडला. बियांच्या पिशव्यांना बुरशी, कुबट वास, आत हात घातला तर नुसता भुगा. जास्तीचं म्हणून ठेवलेलं बीसुद्धा तिथंच होतं. सगळं गेलं. शिडी लावून एक जाळी खोलली — मागे बोर्ड अखंड! कापलेलाच नाही. मग दुसरी खोलली, तिसरी... बाराही तशाच, जाळी नुसती वरून स्क्रूनं मारलेली. एक जाळी परत बसवली आणि ताईकडून उदबत्ती मागवली. धूर बोर्डाला थडकला आणि माझ्या तोंडावर आला. येणारच की! मग त्या दिवशी तो गेला कुठे?

विलासला तिथंच बोलावून घेतलं. त्यानं नाकारलंही नाही. "सिन्नरची साइट खोळंबली होती. बोर्ड कापताना तडकत होते. म्हटलं वरची फट आहे, जाईल चालून."

"माझ्या बहिणीच्या घरात, विलास?" माझा आवाज फाटला. त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं.

तो मात्र चकित होऊन माझ्याकडेच बघायला लागला. "मला काय बोलतो भाऊ? त्या दिवशी शिडी मीच धरली होती. म्हटलं, आता सापडलो. धूर तुझ्या तोंडावर येत होता, मला खालून दिसत होता. तरी तू म्हणालास, स्वतः बघितलंय. मला वाटलं, तू सांभाळून घेतलंस."

बारा वेळा तोंडावर धूर आला असता तर मला ठसका लागला नसता? डोळे चुरचुरले नसते? मी ताईकडे वळलो. "तू होतीस ना तिथं! तू सांग."

"मला एवढ्या वरचं काय दिसणार?" ताई म्हणाली. "इलास परका माणूस हाय. तू 'स्वतः बघितलंय' म्हणाला नसता, तर मीच चढून बघितलं असतं."

बाराही चौकोन मी स्वतःच्या हातानं कापून दिले. विलासशी भागीदारी मोडली. त्याचा राग येतो, पण तो राग निदान कळतो. माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं असेल, तर रागवायचं कुणावर? आणि फसवलं नसेल, तर अखंड बोर्डातून धूर गेला कसा? दोन इंजिनिअरना विचारलं. एक हसला, दुसऱ्यानं विषय बदलला.

ताईनं यंदा बाजारचं बी लावलं. भाऊबीजेला गेलो. ओवाळलं तिनं, आग्रह करून वाढलंसुद्धा. निघताना बघितलं, गोठ्यावर नवंकोरं छप्पर चढलं होतं. कुणी केलं ते मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.